वॉरेनचे पेले

वॉरेन ड्रेशर दारू पीत नसे आणि त्याला त्याचं काही कारण सांगता येत नसे. बाप दारूडा नव्हता, घरात देवाधर्माचं कडक वातावरणही नव्हतं. विस्कॉन्सिनमधल्या त्याच्या गावात तर लग्न असो की मयत, बिअरचं पिंप आधी यायचं. त्याला फक्त तो वास नको वाटे आणि डोकं जड झालेलं आवडत नसे. एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, हे त्याला कॉलेजात आल्यावर कळलं.

तिथे त्याच्या खोलीत मायलो हॅन्सन होता. गोलमटोल, हसरा, बँडमध्ये ट्युबा नावाचं अगडबंब पितळी वाद्य वाजवणारा. मायलोनेच त्याला फ्रॅटर्निटीत ओढलं. मुलांनी एकत्र राहायचं, एकमेकांना भाऊ म्हणायचं, असं ते जुनं मोठं घर होतं. वॉरेनला मित्र जोडणं जमत नसे, आणि इथे एकदम तीसेक भाऊ मिळत होते. अडचण एकच होती. इथे हातात पेला नसलेला माणूस डोळ्यावर येई.

पहिल्याच आठवड्यात वॉरेन आपला पेला बेसिनमध्ये ओतताना मायलोने पाहिलं.

"अरे, वेडा आहेस का? वाया कशाला घालवतोस? दे इकडे."

तेव्हापासून तशी रीतच पडली. दोघं शेजारी बसायचे, वॉरेन पेला टेबलाखालून सरकवायचा आणि मायलो आपला रिकामा त्याच्या हातात द्यायचा. किती प्यायलं तरी वॉरेन सरळ चालतो, याचं घरभर कौतुक सुरू झालं. घराचा अध्यक्ष ब्रॅडी त्याला 'टाकी' म्हणू लागला. "आमची टाकी कधी भरतच नाही, भावांनो!" असं तो म्हणाला की सगळे टेबल बडवायचे. वॉरेन लाजून हसायचा. खरं म्हणजे त्याला ते फार आवडायचं. त्याला आजवर कुणी टोपणनाव दिलं नव्हतं.

ऑक्टोबरात फुटबॉलचा मोठा सामना होता. अशा शनिवारी न्याहारीपासूनच प्यायला सुरुवात होई. अंगणात सॉसेज भाजली जात होती, आणि फळांच्या रसात व्होडका ओतून भलंमोठं पिंप भरलं होतं. शेजारच्या फ्रॅटर्निटीचा एक धिप्पाड गडी आला होता. जास्त कोण पितो याची पैज लावून ब्रॅडीने त्याच्यासमोर वॉरेनला बसवलं. "चल टाकी, दाखव याला आपल्या घराचं पाणी!"

मायलो नेहमीप्रमाणे शेजारी बसला. त्याचा चेहरा उतरला होता. पहिले काही पेले त्याने घेतले, मग वॉरेनच्या कानाशी लागून म्हणाला, "आज नको रे. पोटात कसंतरी होतंय."

वॉरेनने ऐकलं, अगदी स्पष्ट ऐकलं. पण समोर सगळं घर 'टाकी, टाकी' म्हणून ओरडत होतं. त्याने पुढचा पेला टेबलाखाली नेला आणि मायलोच्या गुडघ्याला लावला. मायलोने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि घेतला. त्याच्यानंतरचाही घेतला.

वॉरेन जिंकला. त्याला खांद्यावर उचलून अंगणभर फिरवलं. खाली उतरला तेव्हा मायलो कुंपणाशी आडवा पडलेला होता. त्याचे ओठ निळसर झाले होते आणि हाक मारली तरी तो हलत नव्हता.

"झोपू दे त्याला," ब्रॅडी म्हणाला. "कुशीवर वळव, उतरेल आपोआप. ॲम्ब्युलन्स बोलावलीस तर कॉलेज आपलं घर बंद करेल, कळतंय का?"

"करू दे बंद," म्हणत वॉरेनने फोन लावला.

मायलोचे आईवडील जवळच्याच गावात राहायचे, त्यामुळे ते लगोलग पोचले. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, "किती प्यायला होता हा?"

"जास्त नाही, चार-पाच पेले," ब्रॅडी म्हणाला.

"त्याच्या दुप्पट," वॉरेन म्हणाला. "माझ्या वाटचेही त्यानेच प्यायले. मी पीत नाही."

ब्रॅडी त्याच्याकडे बघतच राहिला. मिसेस हॅन्सन मात्र मान फिरवून खिडकीबाहेर पाहू लागल्या. मिस्टर हॅन्सन एवढंच म्हणाले, "फोन केलास ते बरं केलंस."

मायलो वाचला. दोन दिवसांनी बिछान्यात बसून जेली खाताना तो म्हणाला, "तुझा काय दोष? मीच हावरट. मला तर सॉसेजनंतरचं काहीच आठवत नाही." वॉरेनने मान हलवली. 'नको'बद्दल तो काही बोलला नाही. डॉक्टरांना त्याचा उपयोग नव्हता, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

घर वर्षभरासाठी बंद झालं. ब्रॅडीने बोलणं टाकलं, बाकीच्यांनी मात्र वॉरेनला प्राण वाचवणारा ठरवलं. कुणी पाठ थोपटली की तो काहीतरी निमित्त काढून तिथून निघून जायचा. शेवटी वसंतातल्या सुट्टीत तो मायलोच्या घरी गेला. मायलो गॅरेजमध्ये ट्युबा पुसत होता.

"त्या दिवशी तू नको म्हणाला होतास," वॉरेन म्हणाला. "पोटात कसंतरी होतंय म्हणालास. मी ऐकलं होतं."

मायलोचा हात थांबला. "मग?"

"तरी मी पेला दिला. लोक बघत होते म्हणून."

मायलोने फडक्याची घडी घातली. "हे सांगितलं नसतंस तरी चाललं असतं रे," तो हळूच म्हणाला. मग त्याने विचारलं, "आईला सांगितलंस?"

वॉरेन उठून स्वयंपाकघरात गेला आणि त्यांनाही सांगितलं. त्या सिंकपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. नळ चालूच राहिला.

पुढच्या वर्षी मायलोने दुसरी खोली घेतली. भांडण झालं नव्हतं, भेटला की तो हसायचाही. पण आधीसारखं खांद्यावर रेलणं गेलं. वॉरेन नंतर एका शाळेत गणित शिकवू लागला. पार्टीत कुणी पेला पुढे केला की "मी घेत नाही" एवढंच म्हणायचा, आणि आश्चर्य म्हणजे त्यापुढे कुणी फारसं विचारायचंही नाही. इतकं सोपं होतं, हेच त्याला सगळ्यांत जास्त लागायचं.

मायलोच्या लग्नाचं बोलावणं मात्र आलं. वॉरेन मागच्या टेबलावर बसला होता. मिसेस हॅन्सन टेबलाटेबलावर विचारपूस करत त्याच्यापाशी आल्या. तो उठून उभा राहिला. त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं.

"जेवलास का?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत त्या त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होत्या.

"हो," तो म्हणाला. त्याने अजून घासही घेतला नव्हता.