रहाटावरची तिसरी खाच

मिलिसेंट ऑल्सॉपच्या रहाटावर दोन खाचा पडल्या होत्या आणि तिसरी आज पडायची होती. तिसरी पडली की खाण गेली. आमच्या डर्बीशायरच्या डोंगरात शिशाच्या खाणींचा कायदा सरळ आहे. खाण चालवा, नाहीतर दुसऱ्याला सोडा. बंद खाण ज्याला हवी असेल त्यानं बारमास्तरला, म्हणजे खाणींचा न्यायनिवाडा करणाऱ्या कारभाऱ्याला, सांगायचं. बारमास्तरनं पंच घेऊन यायचं आणि रहाटाच्या लाकडावर सुरीनं खाच पाडायची, आठवड्याला एक. तीन खाचा झाल्या तरी कोणी कामाला उतरलं नाही, की खाण मागणाऱ्याची. सुटका दोनच कारणांनी. खाली पाणी भरलेलं असावं, नाहीतर खाली हवा नसावी.

मिली दोन आठवडे ओरडून सांगत होती, हवा नाही म्हणून. पण मालकिणीच्या शब्दाला साक्ष म्हणून किंमत नाही. दुसऱ्या कोणीतरी उतरून बघायला हवं, आणि उतरायला कोणाला वेळ होता!

मिली या डोंगरावरच वाढली. फ्रॉक गुडघ्याला लागायचा तेव्हापासून ती शिसं धूत होती. हातोडीनं दगड फोडायचा, चाळणी पाण्यात हलवायची, जड माल खाली बसला की वरचा गाळ खरवडून फेकायचा. थंडीत बोटं उलायची, आणि तोंड त्याहून जास्त चालायचं. जोब ऑल्सॉपशी तिचं लग्न जमलं तेही चाळणीवरून कडाक्याचं भांडण झाल्यावर. भूक भूक करत खणताना जोबला शिशाची ही शीर सापडली, म्हणून खाणीचं नाव ठेवलं ‘उपाशी मांजर’. घर भाड्याचं, मेंढरं नाहीत, झालेलं एक मूल जगलं नाही. स्वतःचं म्हणावं असं मिलीला जन्मात एवढंच मिळालं होतं.

दोन वर्षांपूर्वी जोब त्याच खाणीत पडून गेला. आदल्या दिवशी जत्रा होती, तेव्हा गावानं ठरवून टाकलं, प्यायलेला असणार. नंतर ठेवलेला गडी या वसंतात डोकं धरून वर आला, गवतावर ओकला, आणि “तुमचं शिसं तुम्हालाच लखलाभ” म्हणून चालता झाला. तेव्हापासून खाण बंद होती.

आणि ती मागणारा कोण, तर एनॉक स्पेंडलव्ह! जोबचा जुना भागीदार, मिलीच्या हातच्या ओटच्या भाकऱ्यांवर पोसलेला.

दुपारी बारमास्तर टॉपलिस दोन पंचांना घेऊन वर आला. एनॉक आधीच कुंपणाच्या भिंतीवर पाय हलवत बसला होता. वारा ठार बंद होता, अंगाला घाम चिकटत होता. खाली शेतात वाटाणा फुलला होता, आणि वाटाणा फुलला की खाणीतली हवा मरते असं आमच्याकडची जुनी माणसं सांगतात.

“मास्तर, खाच पाडण्याआधी कोणालातरी खाली पाठवा,” मिली म्हणाली. “फक्त एकदा. मी पाया पडते तुमच्या.”

बारमास्तरनं पंचांकडे पाहिलं. एकाचा गुडघा गेलेला, दुसऱ्याला भिंतीला टेकल्याशिवाय उभं राहवत नव्हतं.

“मी जातो की!” एनॉक भिंतीवरून उडी मारून म्हणाला. “वहिनींची शंका फिटू दे. तळाचा एक दगड वर आणतो, मग तरी मानाल ना, वहिनी?”

“भावजी, मस्करी करू नका. दोर घेतल्याशिवाय उतरू नका. ज्योत बघत उतरा.”

“बघतो, बघतो. खाणीतल्या म्हाताऱ्या भुताला तुमचा नमस्कारही सांगतो.”

टोपीला मातीच्या गोळ्यात मेणबत्ती बसवून तो उतरला. दोर त्यानं घेतलाच नाही. भिंतीत ठोकलेल्या लाकडांवर पाय देत तो शीळ घालत गेला. शीळ बारीक होत गेली आणि मध्येच थांबली.

“एनॉक!” बारमास्तरनं हाक मारली.

बारमास्तर खाणीच्या तोंडावर ओणवा झाला.

“ए एनॉक! अरे ओ तरी दे!”

पंच एकमेकांची तोंडं बघू लागले. बारमास्तर म्हणाला, गावातून माणसं आणू. गाव मैलभर लांब! मिलीनं रहाटाचा दोर ओढून कमरेला बांधला आणि पेटती मेणबत्ती हातात घेतली. ती उभ्या आयुष्यात खाली उतरली नव्हती. त्या काळ्या तोंडाकडे बघायचंही ती टाळायची.

“हिसका दिला की ओढा,” ती म्हणाली. “आणि सोडाल तर बघा.”

लाकडं ओली होती. ती पायानं चाचपत, देवाचं नाव घेत आणि एनॉकला शिव्या देत उतरली. बरंच खाली गेल्यावर हातातली ज्योत एकदम खुजी झाली, निळसर झाली. कानात ठणके बसू लागले. त्या क्षणी तिला कळलं, जोब दारूनं पडला नव्हता. जोब असाच पडला होता. तिला हंबरडा फोडावासा वाटला, पण फोडायला श्वास कुठे होता!

एनॉक हाताच्या अंतरावर, फळ्यांच्या माचावर मुटकुळं होऊन पडला होता. मिलीनं तोंड वर करून मिळेल तेवढी हवा छातीत भरून घेतली, खाली वाकली, कमरेचा दोर सोडून त्याच्या काखांतून घातला, गाठ मारली आणि हिसका दिला. तो वर निघाला. ती मागून, बिनदोराची, अंधारात, नखांनी भिंत धरत चढली. वर गवतावर आली तेव्हा तिला बराच वेळ काही दिसलं नाही.

एनॉक ओकला, खोकला आणि शेवटी उठून बसला. बारमास्तर त्याच्यासमोर उकिडवा बसला.

“शपथेवर सांग. खाली हवा आहे?”

एनॉकनं मिलीकडे बघितलं नाही.

“आहे,” तो म्हणाला. “माझा पाय घसरला.”

“नीट आठव.”

“आठवलं. पाय घसरला.”

खाली गेलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर बारमास्तर तरी काय करणार! त्यानं जड हातानं सुरी उघडली आणि रहाटाकडे वळला.

“मेल्या!” मिली किंचाळली. “तुला तिथंच कुजू द्यायला हवं होतं मी!”

 तिनं पंचाच्या चकमकीनं एक नवी मेणबत्ती पेटवली आणि एनॉकच्या नाकासमोर धरली.

“घे. हवा आहे ना? मग उतर. एक दगड आण तळाचा. तू आणलास तर खाच मी माझ्या हातानं पाडते.”

एनॉकनं ज्योतीकडे पाहिलं, मग खाणीच्या तोंडाकडे. त्यानं दोन्ही हात काखेत घातले.

“घे ना रे,” गुडघा गेलेला पंच हळूच म्हणाला.

“आज नको.”

“आज नको, मग कधी?” बारमास्तरनं विचारलं. “सांग, मी तेव्हा येतो.”

 बसल्या बसल्याच एनॉक खाणीच्या तोंडापासून थोडा मागे सरकला.

बारमास्तरनं सुरी मिटून खिशात टाकली. “खाली हवा नाही,” तो पंचांना म्हणाला. “दोन्ही खाचा रद्द. खाण ऑल्सॉपबाईंची.”

मिली होती तिथंच मटकन बसली आणि चौघांसमोर मोठ्यानं, लहान पोरीसारखी रडली.