तिच्या मुठीच्या तांदळाचा लिलाव

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गोधडी पिळणं. चाळीच्या गॅलरीत एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी. "जोर लावा की," ती म्हणाली, "कंपनीत काय फुकटचा पगार घेत होतात?" मी म्हटलं, तिथे मशीन होतं, इथे तू आहेस. गोधडी दोरीवर टाकून ती भात लावायला आत गेली. पहाटे तिच्या छातीत कळ आली. रिक्षा येईपर्यंत सगळं संपलं होतं. गोधडी अजून ओलीच होती.

संध्याकाळी माती दिली. तिसऱ्या दिवशी रविवार, आणि आमच्या चर्चच्या मंडळीत वर्षातलं मोठं अर्पण. त्या दिवशी जे जमतं ते सगळं मिशनच्या इमारतींसाठी बाहेर जातं. कुठल्या देशात दवाखाना, कुठे शाळा, कुठे प्रार्थनेला जागा. पाळकसाहेब पडद्यावर फोटो दाखवतात. या वर्षी आफ्रिकेतल्या एका गावात चर्चचा पाया खणला होता, त्याचा फोटो. पैसे तर सगळेच देतात. बायकांचं अर्पण मुठीचं. रोज भात लावताना एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात टाकायचा. वर्षभरात भरलेला डबा चर्चमधल्या टेबलावर ठेवायचा, रविवारची भक्ती संपली की त्याचा लिलाव.

मला हे कधीच पटलं नाही. आमच्या प्रार्थनेच्या हॉलचे पत्रे गळतात. अंबरनाथचा पाऊस अंगावर घेत आम्ही गीतं म्हणतो. मी तिला म्हणायचो, "आपल्या डोक्यावर धार लागलीय आणि तू आफ्रिकेत छप्पर घालतेस." ती म्हणायची, "मी ज्या शाळेत शिकले तिच्या भिंतींना कुणी दिलं? त्यांनी मला पाहिलं होतं का?" ती मिशनच्या शाळेत सातवीपर्यंत गेली, मी चौथीत सुटलो. तिथेच विषय संपायचा.

शनिवारी भेटायला आलेली माणसं गेली आणि माझी नजर फळीवर गेली. तिचा मुठीचा डबा नव्हता. शेजारची पोरगी आमच्याच मंडळीतली, लग्न होऊन चाळीत आलेली. तिला विचारलं.

"काकू मागेच बोलल्या होत्या, मला उचलणार नाही, तू ने. म्हणून काल पाळकसाहेबांकडे दिला."

"कुणाला विचारून?"

"काकूंनीच सांगितलं होतं ना, काका."

"काकू गेली. आता घरात मी आहे. माझ्या घरातल्या वस्तूला हात लावायचा नाही."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी दार लावून घेतलं.

तांदूळ काय, दुकानात मिळतो. पण त्या डब्यातली मूठ न् मूठ तिच्या हाताची होती. मला तो परत पाहिजे होता. दुसरं काही नको होतं.

रविवारी मी पुढेच बसलो. टेबलावर पपया, अंडी, शेवग्याच्या शेंगा, बायकांचे डबे. शेवटची प्रार्थना झाली तसा उठलो आणि सरळ तिच्या डब्यावर हात ठेवला.

लिलाव करणारे पंच जवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "काका, डबा सोडा."

"माझा आहे."

"टेबलावर ठेवला की प्रभूचा. लिलावात सोडवून घ्या ना. तुम्हाला कोण आडवं येणार?"

"माझ्या घरचा तांदूळ मीच विकत घेऊ?"

पाळकसाहेब खुर्चीतून उठले. "नेलात तर कोणी अडवणार नाही, बाबा. पण दिलाय त्यांनी."

हात काढला, जागेवर येऊन बसलो.

पपया हसतखेळत गेल्या. अंडी गेली. मग पंचांनी तिचा डबा उचलला. "आपल्या ताईंच्या हातचा तांदूळ. बोला."

कोणी बोललं नाही.

"शंभर तरी?"

सगळे माझ्याकडे बघत होते. डबा माझाच, असं त्यांनी आपसात धरलं होतं. बोली लावणारा माझ्या तोंडचा घास काढणार, म्हणून सगळे मुके. दर वर्षी याच डब्यावर मंडळीतले बदलापूरवाले आणि उल्हासनगरवाले हट्टाला पेटायचे, आणि ती पदर तोंडाला लावून हसू दाबायची. आज तो मला शंभरात मिळत होता.

"शंभर एकवार. काका, हो म्हणा." पंच थांबले. "शंभर दोनवार."

हो माझ्या जिभेवर होतं. पण तिचा तांदूळ इतक्या कमीत कधी गेला नव्हता. आणि आज जाणार तो माझ्यामुळे.

मी उभा राहिलो. "तोंडं शिवलीत काय सगळ्यांची? ती मेली म्हणून तांदूळ स्वस्त झाला?"

मागून एक बाई म्हणाली, "तुमच्यासाठीच थांबलोय, काका."

"मला नको. बोला."

मग बदलापूर गावातल्या एकाने घसा साफ केला. "पाचशे."

"सातशे," उल्हासनगरचा फर्निचरवाला.

कोणी थांबला की मी त्याच्याकडे मान वळवून बघायचो. "एवढ्यात दमलास? दुकानात तर गिऱ्हाईकाला सोडत नाहीस." लोक हसले आणि बोली वर गेली. आजवर कधी गेली नव्हती एवढी वर गेली. डबा बदलापूरवाल्याला सुटला. जाताना माझ्यापाशी थांबून त्याने झाकण काढलं. "काका, थोडा घ्या काढून."

"तुझ्या घरात खाणारी तोंडं आहेत. ने."

तो दाराबाहेर पडेपर्यंत मी पायाखालच्या लादीकडे बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या पोरीचं दार वाजवलं. मला बघून ती मागे सरकली.

"भात कसा लावतात?" मी म्हटलं. "मला येत नाही."

"मी आणून देते ना, काका."

"आणून नको. दाखव."

तिने हात पुसले, आमच्याकडे आली. तांदूळ मी धुतला. तिने पातेल्यात बोट बुडवून पाणी कुठवर घालायचं ते दाखवलं आणि गॅस बारीक करायला सांगून गेली. मी बारीक करायला विसरलो. भात खाली लागला. खरवडून खाल्ला.