ताळेबाईंचा ताळा

घरात कुणाला ताप आला की ताळेबाई थर्मामीटर आधी स्वतःच्या तोंडात धरायच्या. रोगी बिचारा कुडकुडत बसलेला. "मले ताप नाई हे मले पक्कं माहीत आहे. या थर्मामीटरले माहीत आहे का, ते तं आधी पाहू दे," म्हणायच्या. पारा नेहमीच्या खुणेवर थांबला तरच थर्मामीटर रोग्याच्या तोंडात जाई, धुऊन अर्थात.

ताळेबाई हे नाव आम्हीच ऑफिसात पाडलेलं. आमची संस्था शेतीच्या प्रयोगांचे आकडे सोडवायची, आणि त्यासाठी आम्ही संख्याशास्त्राच्या प्रोग्रामांचा एक संच तयार केला होता. कॉम्प्युटर आमचा नव्हता. नागपुरातल्याच दुसऱ्या एका संस्थेत तो होता आणि मंगळवारी दुपारी आमची पाळी असे. भोकं पाडून पंच केलेल्या कार्डांचा गठ्ठा पिशवीत घालून बाई सक्करदऱ्याच्या घरून बसनं यायच्या. पिशवी कुणाच्या हातात द्यायच्या नाहीत.

त्या गठ्ठ्यात त्यांचा ताळा होता. चाळीस लहान गणितं त्यांनी हातानं सोडवली होती. उत्तरं एका रजिस्टरात शाईनं लिहिलेली, आणि तीच कार्डांवर पंच केलेली. प्रोग्राममध्ये कुणी एक स्वल्पविराम हलवला तरी आधी ही चाळीस गणितं मशीनमध्ये जात. मशीन आपलं उत्तर बाईंच्या उत्तराशी स्वतःच ताडून पाही आणि शेवटी रोमन अक्षरांत छापी, 'ताळा जमला'. नाही जमला तर कितव्या गणितात अडलं तो आकडा. बाई म्हणायच्या, "माणूस थकते, साहेबाले भेते. मशीन थकत नाई न भेत नाई. ताळा जमला म्हणजे डोळे मिटून मानाचं." आम्ही हसायचो, पण मानायचो.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. भिवापूरकडच्या मिरचीच्या वाणांचा प्रयोग आमच्याकडे आला होता. काही वाफे ढोरांनी खाल्ले होते, म्हणून रिकाम्या वाफ्यांसाठी प्रोग्राममध्ये बदल करायचा होता. तो मी केला. ताळा सतराव्या गणितात अडला. बाईंचं उत्तर बारा पूर्णांक सहा, मशीनचं बारा पूर्णांक तीन. बाई त्या आठवड्यात आईच्या आजारपणासाठी भिवापूरला गेल्या होत्या. साहेबांना तक्ता त्याच दिवशी हवा होता, आणि माझी नोकरी अजून कायम व्हायची होती.

माझा प्रोग्राम चुकला असेल हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. एवढा मी शहाणा. बाईंचंच जुनं उत्तर चुकलं असणार असं ठरवलं आणि त्या कार्डाच्या जागी मशीनचं उत्तर पंच करून टाकलं. कार्ड आणि रजिस्टर जुळलंच पाहिजे असा बाईंचा नियम होता, म्हणून रजिस्टरातला आकडाही ब्लेडनं खरवडला आणि त्यावर त्यांच्या वळणाचा तीन काढला. पेपरात नापास झालो म्हणून मास्तरांची उत्तरंच बदलण्याचा हा प्रकार. ताळा जमला. तक्ता गेला.

बाई परतल्या, तक्ता पाहिला आणि उभ्याच राहिल्या. "हे वाण शेवटी काहून आलं? मी सोता वाफे पाहून आली गा." त्यांनी ताळा लावला. जमला. मग सतरावं गणित कागदावर सोडवलं, कारण रिकामा वाफा त्याच एका गणितात होता. बारा पूर्णांक सहा. रजिस्टर उघडलं, तर त्यांच्याच अक्षरात बारा पूर्णांक तीन. पुन्हा सोडवलं. पाच वेळा सोडवलं. पाचही वेळा बारा पूर्णांक सहाच आलं, आणि मी समोर बसून ते पाहत होतो.

त्या दिवशी डबा न उघडता त्या माझ्याशी बोलल्या. "विलास, मशीन तीन म्हणते, माझंच रजिस्टर तीन म्हणते, म्हंजे माझं डोकंच चुकून राहिलं. आईचं असंच सुरू झालं होतं. आधी कुलूप लावलं का नाई, ते आठवे ना. आता मले विचारते, तू कोणाची वं?" मी म्हणालो, बाई, असं काही नसतं, थकवा असेल. एवढंच म्हणालो. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं, ते माझ्या तोंडातून निघालं नाही. उद्या सांगू म्हणता म्हणता दोन महिने काढले.

त्या दोन महिन्यांत बाई माझ्या डोळ्यांदेखत खचल्या. जिना चढताना एकोणतीसचा पाढा म्हणायच्या, अडखळल्या की पुन्हा खालच्या पायरीवर जायच्या. टेबलाच्या खणांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. "मी तुले हे मघाशी विचारलं का गा?" असं विचारायच्या, आणि त्यांनी ते पहिल्यांदाच विचारलेलं असायचं. एक दिवस राजीनामा लिहून मलाच वाचायला दिला. "माझ्या डोक्याचा भरोसा नाई राहिला. चुकीचं वाण लोकाईच्या वावरात गेलं तं काय तोंड दाखवू?" निरोप समारंभात शाल-श्रीफळ झालं. भाषण मी केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला खुर्चीखाली शिरावंसं वाटत होतं.

मी कायम झाल्याचा कागद त्याच महिन्यात आला. घरी पेढे आणले, मी एकही खाल्ला नाही. शेवटी साहेबांसमोर सगळं ओकलो. ते खूप बोलले, सुधारलेला तक्ता पाठवला, आणि मिरचीचं प्रकरण तिथे मिटलं. वावरात काही गेलं नव्हतं.

रजिस्टर घेऊन मी सक्करदऱ्याला गेलो. बाईंच्या पायाशी बसून पहिल्यापासून सांगितलं. कार्ड, ब्लेड, तो तीन. पान खिडकीशी धरून खरवडलेली जागा दाखवली, तशी त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं.

"हे मीच खोडलं असन," त्या म्हणाल्या.

"नाही बाई, मी खोडलं. तुमचं उत्तर बरोबर होतं. आता सोडवून पाहा, माझ्यासमोर."

"सोडवू कोणत्या डोक्यानं?" त्यांनी रजिस्टर मिटून माझ्या मांडीवर ठेवलं. "मले बरं वाटावं म्हणून कायले खोटं बोलून राहिला? तू चांगला पोरगा आहे गा. चहा घेऊन जा."

मी रडलो, शपथा घेतल्या. त्यांना माझी दया आली, विश्वास आला नाही. त्यानंतर ताळेबाई बरीच वर्षं जगल्या. डोकं शेवटपर्यंत खणखणीत होतं. मी महिन्यातून एकदा जायचो आणि मागच्या भेटीतला शब्द न् शब्द त्यांना आठवत असायचा. पण चूल विझली का हे त्या रोज शेजारणीला हाक मारून पाहायला लावायच्या.