पंपाचा पाना कोणाकडे?

भाताची गिरणी चालवणाऱ्या बाईला बातम्या शोधायला लागत नाय. पोतं घेऊन नंबर लावलेला माणूस गप बसलाय, असं मी तरी अजून पाहिलं नाय. एकीकडे कोंडा साठतो, एकीकडे किस्से. कोंडा मी विकते. किस्से आजवर सांभाळून ठेवले, आता ज्याला झोंबायचे त्याला झोंबू देत!

आमचं गाव डोळखांबच्या अलीकडे. गावात पक्ष दोन, एक तात्यांचा नि एक अण्णांचा. तात्या आमच्या मालकांचे चुलते, म्हणून मी तात्यांकडची. यमुना वरच्या वाडीची, ती अण्णांकडची. पंचायतीत बायकांच्या जागा राखीव झाल्या तेव्हा दोघांनी आमाला शोधून उभं केलं. कारण काय, तर "दोघी गरीब आहेत, बोलायच्या नाय!"

आता बोला.

*

पहिलं वर्षभर मिटिंगला आमचे मालक जायचे. सहीपुरतं रजिस्टर घरी यायचं. एक दिवस मी मालकांना म्हटलं, "आज तुमी गिरणी चालवा, मी पंचायत चालवते."

पदर खोचून गेले, तर दारात यमुना! ती पण दिराला घरी बसवून आलेली.

तात्या बघतच राहिले. "सूनबाई, तुमचे मालक कुठं?"

"भात भरडतायत!"

अण्णा यमुनेवर खेकसले, "बायांचं इथं काय काम?"

यमुना खुर्ची ओढून बसली. म्हणाली, "तेच बघायला आलोय."

*

होळीनंतर वरच्या वाडीच्या बाया खाली ओहोळात उतरायच्या. झरा उकरायचा, वाटीवाटीनं हंडा भरायचा नि परत चढण चढायची. त्या उन्हाळ्यात यमुनेची सून सातव्या महिन्यात हंडा घेऊन घसरली. पोरगी वाचली, बाळ गेलं.

यमुना माझ्या गिरणीत येऊन ढसाढसा रडली. मी पट्टा बंद केला. तिला म्हटलं, "गावाला एक बोअर मंजूर होतेय. ती वरच्या वाडीतच पडंल. नाय पडली तर पंचायतीची पायरी चढणार नाय मी!"

बोलून तर बसले. दोन पक्षांच्या दोन बाया एका बोअरवर एक झाल्या, ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर. तात्यांची माणसं मला फितूर म्हणाली, अण्णांची तिला. म्हणू देत! आमाला काय भोकं पडतात?

*

पण आमचं पटत होतं म्हणाल, तर तसं पण नाय. बोअरचा अजून पत्ता नाय नि आमी भांडायला लागलो पंपाच्या पान्यावरून!

मी म्हणायचे, पंप पंचायतीचा, तर तो खोलायचा पाना पंचायतीत राहील. बिघडला की पंचायत माणूस पाठवील.

यमुना उसळायची. "तुझ्या पंचायतीचा माणूस येईस्तवर आमी मरू! पाना वाडीत राहील. आमची आमी खोलू, आमची आमी जोडू."

"नि कोणी पाना हरवला म्हणजे?"

"तुझ्या पंचायतीनं काय कमी हरवलंय गो?"

चार दिवस बोललो नाय एकमेकींशी. पाचव्या दिवशी ती पोतं घेऊन आली. मी तिचा नंबर वर घेतला. पाना मात्र सोडला नाय!

*

दोन हजार सालच्या थंडीत अमेरिकेत निवडणूक झाली नि मतं मोजता मोजता त्यांचा महिना गेला. शाळेतले गुरुजी नंबर लावून गिरणीत पेपर वाचून दाखवायचे. "तिथं मोठे पक्ष दोन. एकाची खूण हत्ती, दुसऱ्याची गाढव."

पोत्यावर बसलेला एक म्हातारा हसून हसून खोकला. "गाढव दाखवून मतं मागतात? आमच्याकडं बरं हाय. खूण छत्री, गाढव खाली उभा!"

गुरुजींना वेगळीच काळजी. "दोन्हीकडचे टोकाचे लोक मला कळतात हो. पण मवाळ हत्तीवाला नि मवाळ गाढववाला, यांच्यात फरक काय? वर्गात सांगायचा कसा?"

मी नि यमुना तेव्हा पान्यावरूनच भांडत होतो. गुरुजींनी ऐकलं. "थांबा, थांबा. पंप पाहिजे, यावर दोघींचं एकमत?"

"मंग काय!" आमी दोघी एकदम.

"नि भांडण फक्त पाना सरकारकडं का लोकांकडं, एवढंच?"

"एवढंच? एवढंच कसं?" परत दोघी एकदम!

गुरुजी पोतं तिथंच टाकून शाळेत पळाले. पुढच्या चाचणीच्या पेपरात एका पोरीनं लिहिलं, "अमेरिकेतल्या मवाळ लोकांचे पंपाच्या पान्यावरून मतभेद आहेत." गुरुजींनी पैकीच्या पैकी मार्क दिले.

*

आता खरी गंमत ऐका. तात्या नि अण्णा वीस वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. एकाच्या घरचं लग्न असलं की दुसरा गाव सोडून जायचा. आमच्या दोघींचा पाना मिटत नव्हता, पण त्या दोघांचं एका चहात जमलं! बोअर घ्यायची दोघांच्या चिरेबंदी वाड्यांच्या मधे. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव करून टाकायचा.

अडचण आमी दोघी. त्या दिवशी सकाळी सकाळी तात्यांची जीप दारात. "सूनबाई, टिटवाळ्याला दर्शन करून या. मालकांना पण न्या."

मी म्हटलं, आज अचानक देव कुठून आठवला? पण गेले. गणपतीच्या रांगेत उभी राहिले, तर पुढं ओळखीचं लुगडं!

"यमुने?"

"कमळे! तुला पण देव दाखवायला आणली?"

दोघांना अक्कल एकच, देव पण एकच सुचला! मालक नि तिचा दीर मिसळ खायला बसले होते. आमी आसनगावची गाडी पकडली, तिथून डोळखांबची जीप. उतरलो ते तडक वरच्या वाडीत. यमुनेनं एकच हाक मारली, "हंडे घ्या गो, नि चला खाली!"

*

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात. ठराव वाचून झाला होता, एवढ्यात टेकाडावरून रिकामे हंडे घेऊन पन्नासएक बाया उतरल्या. तात्यांचा चष्मा नाकावरून घसरला.

मोजणी गुरुजींकडं. वाड्यांच्या मधे बोअर पाहिजे त्यांनी हात वर करा, मोजले. वरच्या वाडीत पाहिजे त्यांनी करा, मोजले. दोनदा बोटांवर हिशेब केला नि गुरुजी म्हणाले, "सारखे."

यमुनेनं माझा दंड धरला. मागं तिची सून उभी होती, रिकामा हंडा पोटाशी धरून.

तात्या नि अण्णा एकदम ओरडले, "परत मोजा! आमाला मान्य नाय!"

गुरुजी म्हणाले, "बघा हां. अमेरिकेला महिना लागला."

"लागू दे! परत मोजा!"

परत मोजलं. वाड्यांकडचे हात होते तेवढेच भरले. मग वरच्या वाडीचे हात वर झाले. गुरुजी मोजत मोजत पार मागं गेले, जिथं मोठ्या घरच्या बाया पदर डोक्यावर घेऊन बसतात तिथं. थांबले. चष्मा पुसला. परत बघितलं.

दोन हात वाढले होते. एका हातात तात्यांच्या घरच्या पाटल्या होत्या, दुसऱ्यात अण्णांच्या.