पट्ट्यावरचा हात

ज्या गोष्टीचं मोजमाप घेता येत नाही तिच्यावर मत देऊ नये, ही शिस्त मला पर्यावरण अभियांत्रिकीने लावली. लोकांचे अतर्क्य अनुभव मी आजवर वाचत आले ते त्यांतल्या पळवाटा शोधण्यासाठी. सांगणाऱ्याची झोप झाली नव्हती का? उजेड अपुरा होता का? आज मी स्वतःचा अनुभव लिहिते आहे, कारण त्यातली पळवाट मला अजून सापडलेली नाही...

सिडनीहून गाडीने पाच-सहा तासांवर, स्नोई माउंटन्समध्ये, जिंडाबाईन हे तळ्याकाठचं गाव आहे. पीएचडीच्या प्रवेशाची वाट पाहत असताना मी तिथे एक हंगाम फ्लाय फिशिंग, म्हणजे खोट्या माशीच्या गळाने मासे पकडण्याच्या खेळाची, गाईड म्हणून काम केलं. पुरानंतर नदीच्या तळातले गोटे कसे सरकतात हा माझा विषय. रोज त्याच पाण्यात उभं राहायला मिळणं ही माझ्या दृष्टीने चैनच होती. पुण्याहून आईचं मत वेगळं होतं. "एवढं शिकून लोकांना मासे दाखवतेस? आणि पकडून परत सोडता म्हणे! मग पकडता कशाला?"

अमेरिकेतले गाईड ज्या स्टीलहेडसाठी जीव टाकतात ते मासे इकडे नाहीत. पण थंडीच्या तोंडावर तळ्यातले मोठाले ब्राऊन ट्राउट अंडी घालायला थ्रेडबो नदीत वर चढतात, तेव्हा इथेही तशीच झुंबड उडते. मासे बहुतेकदा पलीकडच्या काठालगत असतात. त्यामुळे गाईडचं खरं काम म्हणजे पाहुण्याला नदी ओलांडून नेणं.

त्याची आमची एक पद्धत होती. छातीपर्यंतच्या रबरी विजारीवर, म्हणजे वेडर्सवर, कमरेला रुंद पट्टा बांधलेला असतो. गाईडने काठीने तळ चाचपत पुढे चालायचं आणि पाहुण्याने मागून गाईडचा पट्टा धरायचा. नदीच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून खूण ठरलेली — दोन हिसके म्हणजे ‘थांब, मला जमत नाही’. पट्टा सैल झाला तर गाईडने आहे तिथेच थांबायचं. एरवी मागे वळून पाहायचं नाही. मान वळली की खांदा वळतो आणि गोट्यांवरून पाय निसटतो.

मे महिन्याच्या अखेरीस टूवूंबा या गावाहून एक मराठी सर्जन आले. वय पासष्टच्या आसपास, आदल्या वर्षी बायपास झालेली. पहिल्या भेटीतच मी त्यांना काका म्हणू लागले. त्याआधी काकूंचा फोन येऊन गेला होता. "सई, मासा मिळो न मिळो, यांना धड परत आण गं. कुणाचं ऐकत नाहीत ते."

"काय सांगत होती?" काकांनी विचारलं.

"तुम्ही फार गुणी आहात म्हणाल्या."

"खोटं बोलायला गाईड लोकांना ट्रेनिंग असतं का?"

मी हसले, पण त्या दिवसभर माझं लक्ष माशांपेक्षा काकांच्या श्वासाकडेच होतं. चढावर ते थांबले की मीही थांबून त्यांचे श्वास मोजत असे. पाणी बर्फासारखं थंड. अशा पाण्यात तोल गेला तर त्यांच्या हृदयाचं काय होईल, हा हिशोब मला नको असताना सुचत होता.

आठवड्याच्या सुरुवातीला जोराचा पाऊस होऊन पाणी पुन्हा ओसरलं होतं. दुपारी, लख्ख उन्हात, आम्ही नदी ओलांडायच्या नेहमीच्या उताराशी आलो. तिथून मी हंगामभर ये-जा केली होती. मी पाण्याकडे तोंड करून उभी राहिले आणि म्हणाले, "काका, या. पट्टा धरा." उत्तर ऐकू आलं नाही, पण पट्टा मागे ताणला गेला. घट्ट, व्यवस्थित पकड. मी निघाले.

पाणी मांडीपर्यंत आलं. अर्ध्यावर पोचले आणि पट्ट्याला दोन हिसके बसले.

मी थांबले. सवयीने काठी पुढे टाकली — आणि तिला तळ लागेना. पावसाने तिथला गोट्यांचा थर कापून नेला होता. आणखी एक पाऊल, आणि आम्ही दोघंही त्या खड्ड्यात गेलो असतो.

"काका, इथे खोल झालंय!" मी ओरडून सांगितलं. "परत फिरायचंय. घाबरू नका."

पकड आणखी आवळली गेली. आणि मागून, बऱ्याच दुरून, काकांचा आवाज आला — "सई! आता मी येऊ का?"

मी नियम मोडून मान वळवली. काका काठावर उभे होते. त्यांचा एक पाय पाण्यात होता. माझ्या आणि त्यांच्यामध्ये नुसतं पाणी होतं... आणि माझ्या पट्ट्यावरचा ताण तसाच होता.

"पाय बाहेर घ्या! हलू नका!"

"अगं, ओरडतेस काय? मी काय लहान आहे?"

मी इंच-इंच वळले. माझ्याबरोबर ती पकडही वळली आणि पुन्हा पाठीशी आली. मी काकांच्या चेहऱ्यावर नजर रोखून चालत राहिले. काठ अजून दूर होता, तेवढ्यात पट्टा सैल झाला. मी थांबले नाही. थेट काकांपर्यंत गेले आणि त्यांचा दंड धरला.

"तुम्ही पट्टा का नाही धरलात?"

"काठी झाडाला टेकवून विसरलो होतो, ती आणायला गेलो. येऊन बघतो तर तू त्या माणसाला घेऊन निघालेली. म्हटलं, आधी त्याला पलीकडे सोडशील, मग मला नेशील."

"कोणत्या माणसाला?"

"तुझ्या मागे होता तो! मला वाटलं तुमचा ग्लेन आला." ते नदीकडे बघू लागले. "कुठे गेला?"

काकांच्या डोळ्यांवर चकाकी कापणारा गॉगल होता आणि त्यांची नजर उत्तम आहे. संध्याकाळी त्यांना मी मुक्कामी सुखरूप सोडलं.

दुसऱ्या दिवशी ग्लेनला, म्हणजे माझ्या बॉसला, घेऊन मी त्याच जागी गेले. पट्टा प्रवाहाने ओढला असावा, असा माझा अंदाज होता. पण पाणी मांडीपर्यंतच. पट्टा पूर्ण वेळ पाण्याच्या वर होता. शिवाय प्रवाह डावीकडून येतो आणि ताण सरळ मागून होता. वेडर्स कुठे अडकल्याची खूणही नव्हती. तिथे कधी कुणी बुडालं होतं का, हेही मी विचारलं.

"माझ्या माहितीत नाही, मेट," ग्लेन म्हणाला. "क्लायंट परत आला ना? मग no worries."

ज्यांना ज्यांना हे सांगितलं ते सगळे म्हणतात, कुणीतरी तुम्हा दोघांना वाचवलं. मला हे म्हणणं पटवून घ्यायचं आहे, पण जमत नाही. आमच्या खुणेत दोन हिसक्यांचा अर्थ ‘पुढे धोका आहे’ असा होत नाही. पट्टा धरणाऱ्याला पुढचं काही दिसतच नसतं. ती खूण फक्त स्वतःपुरती असते — थांब, मला जमत नाही.

काकांना मी परत आणलं. माझ्या मागून कोण चालत होतं, हे मला सांगता येत नाही. पट्टा सैल झाला तेव्हा मला हायसं वाटलं होतं, एवढं मात्र स्पष्ट आठवतं. गाईडने जिथे थांबायला हवं, तिथून मी भराभर चालत निघून आले.