सात रेघा आणि अर्धी रेस

नानांना दवाखान्यात पोचायला उशीर झाला, तो माझ्यामुळे.

आज वर्ष झालं. घरात कुणी असं म्हणत नाही. म्हणून मीच लिहिते.

नाना म्हणजे माझे मोठे चुलते. आसपासच्या गावांतल्या विहिरींवरच्या मोटारी तेच दुरुस्त करायचे. शाळेत जायच्या आधी मी त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिकले. पाढ्यांच्या आधी नट खोलायचे पाने ओळखायला लागले. दहाचा, तेराचा, सतराचा.

आमचं गाव धरणाच्या फुगवट्याच्या काठावर. पलीकडचा डांबरी रस्ता गाठायला लोखंडी बोट. जीपनं वळसा घातला तर दीड तास.

मागच्या उन्हाळ्यात बोटीचा बुश गेला. बुश म्हणजे पंख्याचा शाफ्ट ज्यात फिरतो ते बेअरिंग. बाहेरून पितळ, आतून रबर. बोट इतकी थरथरायची की बसलेल्यांचे दात वाजायचे.

नवा बुश पार्सलनं वारंगा फाट्यावर आला. मी जाऊन घेऊन आले.

नानांचा उजवा हात तोवर अर्धांगानं गेला होता. म्हणाले, तू बसव.

बोट ट्रॅक्टरनं काठावर ओढली. नाना बाभळीखाली खुर्ची टाकून बसले. मी पंखा काढला, शाफ्ट ओढला, जुना बुश ब्लेडनं कापून बाहेर काढला.

नवा बुश हातोडीनं ठोकायचा नाही, हे त्यांचं पहिल्यापासूनचं सांगणं. तो भोयांच्या मासळीच्या पेटीत, बर्फात पुरून ठेवायचा. गारठला की केसभर आकसतो. मग साबणाचं पाणी लावून हातानं ढकलायचा. ग्रीस अजिबात नाही, रबर खराब होतं.

बुश सरकन आत गेला. त्याला माशाचा वास येत होता.

उरला एकच स्क्रू. बुश जागेवर धरून ठेवणारा. सैल राहिला तर बुश सरकतो आणि शाफ्ट अडकतो. जास्त आवळला तर बुश दाबला जातो.

मी विचारलं, किती आवळू?

"हाताला कळतं, माय."

माझ्या हाताला कळलं नाही. मी आवळला, सोडला, परत आवळला. तीनदा. बोटवाले दत्तरावकाका हसायला लागले. नाना त्यांना म्हणाले, "हिला नवरा पाहू नका रे. त्यालाबी तीनदा खोलून चेक करील."

मग त्यांनी नियम सांगितला. नवा बुश पहिले दहा तास अर्ध्या रेसवर, म्हणजे इंजिनाच्या अर्ध्याच जोरावर चालवायचा, तोवर तो नीट बसतो. मी दत्तरावकाकांना बजावलं. दर तासाला इंजिनाच्या पेटीवर खडूची एक रेघ मारायला लावली.

सात रेघा झाल्या होत्या, त्या दुपारी नानांच्या छातीत दुखायला लागलं.

पलीकडे जीप बोलावली. नानांना गोधडीवर घालून बोटीत घेतलं. डोकं माझ्या मांडीवर. अंग घामानं गार.

दत्तरावकाकांनी रेसच्या दोरीला हात घातला आणि माझ्याकडे पाहिलं. वाढवू का, म्हणाले.

मी नको म्हणाले.

मला त्या स्क्रूची खात्री नव्हती. भर पाण्यात बुश सरकला तर बोट तिथेच उभी राहणार. मधे पाण्यावर मोबाइलला रेंज नाही, वल्हं एकच. माझ्या डोळ्यांसमोर फक्त तेवढंच येत होतं.

फुल रेसवर वीस मिनिटांचं पाणी. अर्ध्या रेसवर चाळीस.

नानांनी डावा तळहात बोटीच्या तळावर टेकवला होता. मला वाटलं, आधाराला. ते थरथर पाहत होते. मोटारीवर हात ठेवून आयुष्यभर पाहिली, तशी.

"माय, बुश बसला. वाढव."

"नाना, अजून तीन तास राहिलेत. तुमीच म्हणला होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ जरासे हलले, हसल्यासारखे.

"व्हय. मीच म्हणलो."

पुढे ते बोलले नाहीत. पलीकडची जीप दिसायला लागली तेव्हा तळहात तसाच होता, पण बोटं सैल झाली होती.

डॉक्टरला मी विचारलं. वीस मिनिटं आधी आलो असतो तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. काकू म्हणतात, तेवढंच आयुष्य होतं. दत्तरावकाका म्हणतात, दोरी माझ्या हातात होती पोरी, तुझ्या नाही.

सगळे मला वाचवतात.

तेराव्यानंतर मी बोट पुन्हा काठावर ओढायला लावली. एकटीनं खोललं. स्क्रू बरोबर त्याच्या खाचेत. बुश एक केसही हललेला नाही. रबरावर ओरखडा नाही.

स्क्रू सैल निघाला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

पेटीवरच्या सात रेघा आम्ही पुसल्या नाहीत. आठवी मारली नाही.

आज सकाळी मी स्वतः दोरी धरली. काठ सोडल्यापासून फुल रेस. दत्तरावकाका शेजारी बसून होते. मी एक हात तळाला टेकवून ठेवला.

वीस मिनिटं लागली.

नाना, बुश बसला होता. तुमच्या हाताला कळलं होतं, मी ऐकलं नाही.

तुमच्या पायांवर डोकं ठेवते.