पुतळी धवलेरी गायली नाही

उधवा गावाच्या पलीकडे गुजरातची हद्द लागायच्या आधी जो पाडा आहे, तिथं कुणाचंही लग्न ठरलं की पहिलं आवतण पुतळीला जायचं. नवरदेवाच्या मामाला मागाहून. कारण वारल्यांच्या लग्नात धवलेरी आली नाही तर लग्नच लागत नाही. भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक काढायचा, त्यात पालघट देवी बसवायची आणि तिच्यापुढं बसून धवलेरीनं एकेका देवाला गाण्यातून हाक मारायची. देव मांडवात आले की मग नवरा-नवरी. पुतळीनं हे काम तरुणपणी सासूकडून घेतलं आणि तिच्या गाण्यावर लग्न लागलेल्या पोरी आता स्वतः सासवा झाल्या होत्या.

आवाज म्हणाल तर खणखणीत, आणि जीभ त्याहून. मांडवात कुणी मध्येच बोललं की गाणं न थांबवता असे डोळे वटारायची की भलेभले गडी ताडीचा पेला खाली ठेवायचे. तिच्यामागं धरायला भिकी असायची. पुतळीनं ओळ म्हणायची, भिकीनं ती उचलायची. वीस-बावीस वर्षं हेच चाललं होतं. भिकी गरीब स्वभावाची बाई, पुतळीच्या सावलीत खुशाल होती.

दोन हजार सोळाच्या पावसाळ्यानंतर पाड्यात दीपेशच्या अंगणात दर रविवारी प्रार्थना होऊ लागली. दीपेश उंबरगावच्या कारखान्यात वायरमन, तोच तिथं बायबल वाचायचा. पुतळी पहिल्यांदा गेली ती भांडायला, दुसरं काही नाही. त्यांची गाणी तिच्या घरापर्यंत ऐकू यायची आणि ताल चुकायचा, तो तिला सहन होईना.

"टाळी कुठं पडते, गाणं कुठं जातं, काही मेळ आहे का रे?" अंगणात उभी राहून तिनं विचारलं.

"बसा ना आजी. तुम्हीच सांगा," दीपेश म्हणाला.

ती बसली. त्या दिवशी नेमकी लग्नाची गोष्ट निघाली. काना नावाच्या गावात लग्न आहे, येशू पाहुणा म्हणून गेलाय आणि द्राक्षारस संपलाय. द्राक्षारस काय ते पुतळीला ठाऊक नव्हतं, पण भर मांडवात ताडी संपली की काय होतं ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पाहुणे कुजबुजतात, नवरीच्या बापाला तोंड लपवायला जागा उरत नाही. ती पुढं सरकून बसली. येशूनं पाण्याचा रस केला आणि लग्नघराची लाज राखली, हे ऐकून ती म्हणाली, "मग नवरा-नवरी पाया पडले असतील त्याच्या."

"नाही आजी. त्यांना कळलंच नाही. पाणी भरणाऱ्या नोकरांना तेवढं माहीत होतं."

पुतळी उठली. ती घरी गेली, भात टाकला, नवऱ्याला वाढलं, तरी मनात तीच गोष्ट. सगळ्या जन्मात तिनं देवांना बोलावलं होतं, त्यांना मान दिला होता, मानात चूक झाली तर कोपतील म्हणून भ्याली होती. आणि हा एक असा, की कुणाची अब्रू वाचवतो आणि नावसुद्धा सांगत नाही. तिला तो आवडला. सरळ सांगायचं तर जीव जडला.

आता कुणी म्हणेल, म्हातारीला कुणीतरी भुलवलं. छे. पुतळीला भुलवणारा अजून जन्माला यायचाय. दीड वर्ष ती रविवारी जाऊन बसायची आणि दीपेशला भंडावून सोडायची. तो देव गरिबाघरी का जन्मला, त्याला मारलं तेव्हा त्याची आई कुठं होती, मारणाऱ्यांना त्यानं माफ कसं केलं? काहींची उत्तरं दीपेशला देता यायची, काहींची नाही. गवत कापताना, सरपण आणताना ती येशूशी बोलू लागली, आणि आपलं कुणीतरी ऐकतंय असं वाटून तिला फार हलकं वाटायचं. एक दिवस ती नवऱ्याला, लडक्याला म्हणाली, "मी बाप्तिस्मा घेणार."

लडक्यानं विडी विझवली. "तुला पटलं ना? मग घे. मी माझ्या वाघदेवाला नारळ देत राहीन. त्यावरून घरात कटकट नको."

कटकट वेगळ्याच बाजूनं आली. नात दक्षा, तिच्या लेकाची, लाहूची पोरगी. लाहू आणि त्याची बायको दिवाळी झाली की वीटभट्टीवर जायचे, त्यामुळे ती आजीच्याच अंथरुणात वाढली. तिचं झरीच्या एका मुलाशी ठरलं, उन्हाळ्यातलं लग्न. आणि पुतळीचा बाप्तिस्मा होता त्याच्या दोन महिने आधी.

सगळ्यांनी तिला एकच सांगितलं, आधी गाऊन लग्न उरक, मग बाप्तिस्मा घे. दीपेशसुद्धा म्हणाला, "आजी, दोन महिन्यांनी काय बिघडतं? देव थांबतो."

"देव थांबेल रे. पण मी काय करू? ज्या देवांना हाक मारायची, त्यांना मी मनातून निरोप दिलाय. आता नुसत्या तोंडानं बोलावलं तर ते त्यांना फसवणं झालं आणि पोरीलाही. परक्याच्या लग्नात मी असं केलं नसतं, मग दक्षाच्या लग्नात करू?"

दक्षाला हे पटायचं कारणच नव्हतं. लहानपणापासून ती एकच ऐकत आली होती, तुझ्या लग्नात मी अशी गाईन की झरीवाले तोंडात बोटं घालतील. "पाड्यातल्या सगळ्या पोरींना गायलीस," ती म्हणाली, "आणि माझ्या वेळेलाच तुला देव सापडला?" त्या दिवसापासून तिनं आजीशी बोलणं टाकलं. जेवायला वाढायची, पण बोलायची नाही. पुतळी चुलीपुढं बसून रडायची, धुराचं निमित्त करायची.

तरी तिनं शब्द फिरवला नाही. माघ महिन्यात वरोली नदीच्या पात्रात, कमरेइतक्या पाण्यात तिनं बाप्तिस्मा घेतला. वय विचारल्यावर म्हणाली, "साठीच्या पुढं. मोजलं कुणी?" आणि पाण्यातून वर आली तेव्हा तिचं तोंड नव्या नवरीसारखं दिसत होतं, असं लडक्याच सांगतो. तो काठावर उभा होता.

दुसऱ्याच दिवशी तिनं भिकीला घरी बोलावलं. धवलेरी आपली सगळी गाणी सहसा कुणाला देत नाही. दोन-चार ठेवून घेते, नाहीतर तिला विचारणार कोण? पुतळीनं एकही ठेवलं नाही. सासूनं मरताना दिलेलं, घरच्याच पोरींसाठी राखलेलं गाणंसुद्धा दिलं. भिकी चुकली की खेकसायची, पुन्हा म्हणायला लावायची. प्रार्थनेला येणाऱ्या एका बाईनं नाक मुरडलं, की आता ही गाणी शिकवायची कशाला?

"माझी कुठं आहेत ती?" पुतळी म्हणाली. "सांभाळायला दिली होती. मी निघाले, तर ज्यांची त्यांना परत नको करायला?"

लग्नाच्या दिवशी मांडव भरला. चौक सुरेख उतरला होता. भिकी पालघटीपुढं बसली, तिनं हात जोडले आणि गप्प राहिली. लोक थांबले. भिकीही थांबली. थोडा वेळ कुणालाच कळेना, मग पुतळीच्या ध्यानात आलं. बिचारी सवयीनं थांबली होती. वीस-बावीस वर्षं पहिली ओळ पुतळीची, भिकीनं फक्त उचलायची. ती त्या ओळीची वाट बघत होती.

सगळ्या मांडवाच्या माना पुतळीकडं वळल्या. ती कडेला मेढीला टेकून बसली होती. हळद लावलेल्या दक्षानंही मान वर केली, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आजीच्या डोळ्यांत पाहिलं. एक ओळ. एवढी एक ओळ म्हटली असती तर पोरगी परत तिची झाली असती. ओळ पुतळीच्या गळ्याशी आली होती.

ती उठली. मांडवात कुणीतरी सुस्कारा सोडला. ती भिकीच्या मागं गेली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

"भिके, पुढं आता कुणी नाही. तूच पुढं."

भिकीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं पहिली ओळ म्हटली. आवाज कापरा होता, मग सावरला आणि मांडवभर झाला. शब्द न् शब्द बरोबर. पुतळी परत मेढीपाशी जाऊन बसली आणि पदराचा बोळा तोंडाला लावून ढसाढसा रडली, कुणी बघतंय का याची पर्वा न करता.

लग्न लागलं, पंगती उठल्या. संध्याकाळी झरीची गाडी दारात लागली. दक्षा सगळ्यांच्या पाया पडून शेवटी आजीपाशी आली आणि नुसती उभी राहिली.

"मला तुझाच आवाज पाहिजे होता," ती म्हणाली.

"ठाऊक आहे मला."

"मग आता तरी काहीतरी म्हण. तुझं जे काही असेल ते."

पुतळीनं दोन्ही हात तिच्या डोक्यावर ठेवले. ताल नाही, चाल नाही, सासूनं शिकवलेला एक शब्द नाही. ती साधं बोलली. "येशू बापा, ही माझी दक्षा. हिला राग लवकर येतो, माझ्यावर गेलीये. हिला सांभाळ. मी हिला खोटं काही दिलं नाही, एवढं हिला कधीतरी कळू दे."

दक्षानं मान वर केली नाही.

"कळलं," ती म्हणाली, आणि गाडीत जाऊन बसली.